श्रोणितलाचा भौतिकोपचार : तेथे गेल्यावर काय होते?

डोक्यावरचा भरलेला हंडा खाली उतरविताना, शिंक आली असता किंवा खोकल्याची ढास लागली असता लघवीचे थेंब सुटतात, लुगडे ओले होते आणि ही गोष्ट घरात कोणास कळू नये म्हणून स्त्री आत जुन्या कापडाची घडी ठेवू लागते. पुढे ती एस.टी.चा लांबचा प्रवास टाळते, लग्नकार्याला न जाण्यासाठी काही ना काही निमित्त शोधते, बाहेर पडावयाचे असेल त्या दिवशी पाणी पीत नाही. कोणी विचारलेच, तर "बाळंतपणे झाली की असे व्हायचेच" हे उत्तर तिच्याजवळ तयार असते. कारण तिच्या आईने आणि सासूनेही तेच उत्तर दिलेले असते. अशा स्त्रिया प्रत्येक गावात आहेत. त्यांत शेतमजूर आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, शिक्षिका आहेत आणि ग्रामपंचायतीच्या सदस्याही आहेत.

हे उत्तर चुकीचे आहे. बाळंतपणानंतर असे होणे सर्रास आढळते हे खरे. परंतु सर्रास आढळणारी गोष्ट स्वाभाविक असते असे नाही. ओटीपोटाच्या तळाशी असलेले काही स्नायू दुर्बल झाल्याने किंवा वेळेवर काम करीत नसल्याने पुष्कळदा हा त्रास होतो आणि त्या स्नायूंना पुन्हा शिकविता येते. या शिकविण्यास श्रोणितलाचा भौतिकोपचार म्हणतात. भौतिकोपचार म्हणजे सर्वत्र परिचित झालेली फिजिओथेरपी होय. गुडघा, कंबर किंवा खांदा यांसाठी तिच्याकडे जाण्याची सवय लोकांना झाली आहे. लघवीच्या तक्रारीसाठी तिच्याकडे जावयाचे असते, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याही मनात एक धास्ती असते: तेथे गेल्यावर नेमके काय करतील? पुष्कळ स्त्रिया दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतात त्या या धास्तीपायी. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत दिले आहे.

मौनाचे मोजमाप

स्त्रियांच्या अशा दुखण्यांविषयीचे मौन किती खोल आहे, हे महाराष्ट्रातूनच जगापुढे आले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सुमारे ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आरोग्याचा एक तरी विकार असल्याचे आढळले. मात्र पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण होते अवघे ८ टक्के. ही पाहणी सर्व प्रकारच्या विकारांची होती, केवळ श्रोणितलाची नव्हे. तथापि दुखणे असणे आणि ते सांगणे यांमध्ये केवढे अंतर असते, ते या दोन आकड्यांवरून ध्यानी येते.

या मौनाची दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि राज्य शासनाने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. त्या प्रश्नाची कारणे अनेक आहेत व त्यांतील पुष्कळशी या लेखाच्या कक्षेबाहेरची आहेत. एक गोष्ट येथे सांगणे मात्र आवश्यक आहे. "पिशवी काढली की खालचे सगळे त्रास जातात" ही समजूत ग्रामीण भागात दृढ आहे आणि लघवी सुटण्याच्या बाबतीत तिला आधार नाही. लघवी अडवून धरण्याचे काम गर्भाशयाचे नसतेच.

एक झोळी

ते काम कोणाचे असते? माणसाच्या ओटीपोटाची हाडे तळ उघडा राहिलेल्या टोपलीसारखी असतात. हा उघडा तळ स्नायूंच्या एका जाड पडद्याने बंद केलेला असतो. पुढच्या बाजूस जांघांच्या मधले हाड आणि मागे माकडहाड, यांच्यामध्ये तो झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या झोळीच्या आधारावर असतात. झोळीला वाटाही आहेत: स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग अशा तीन, पुरुषांमध्ये दोन. अवयवांचा भार पेलणे, वाटा बंद ठेवणे आणि वेळ आली की त्या मोकळ्या करणे, ही परस्परांहून अगदी निराळी कामे एकाच स्नायूसमूहाला करावी लागतात. यास्तव या स्नायूंना बळ हवे तसेच सैल सोडण्याचे कसबही हवे. हा दुसरा भाग नेहमी विसरला जातो.

प्रसूतीच्या वेळी मुलाचे डोके याच वाटेने बाहेर येत असल्याने हे स्नायू मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात. कळा फार वेळ चालल्या, चिमटा लावावा लागला अथवा खालचा भाग खोलवर फाटला, तर इजा अधिक होते. पुढे जुना खोकला, बद्धकोष्ठामुळे शौचाच्या वेळी रोज जोर करणे, वाढते वजन, जड ओझी आणि पाळी थांबल्यानंतरचे शारीरिक बदल या सर्वांचा भार त्याच झोळीवर पडत राहतो. बाळंतिणीने सव्वा महिना जड काम करू नये, हा जुन्या बायकांचा दंडक या दृष्टीने पाहिला तर शहाणपणाचाच होता. तो पाळणे ज्यांना परवडत नाही, त्यांचीच झोळी आधी सैल होते. पाणी दारात आले की स्त्रीच्या डोक्यावरचा हंडा उतरतो. पाणीपुरवठ्याच्या योजनेचा हा लाभ कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

त्रासाचे प्रकार सारखे नसतात आणि उपचारही सारखे नसतात. खोकताना, हसताना, ओझे उचलताना लघवी सुटते तो एक प्रकार. एकाएकी अनावर घाई होऊन मोरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच लघवी होते तो दुसरा. अनेकींना दोन्ही असतात. काहींना योनिमार्गात जडपणा वाटतो, खाली काही तरी उतरल्यासारखे होते. यालाच 'अंग बाहेर येणे' म्हणतात. प्रसूतीत गुदद्वारापर्यंत फाटलेल्या स्त्रीला वायू किंवा शौच रोखणे कठीण जाते, आणि याविषयी तर ती नवऱ्याजवळही बोलत नाही. याच्या अगदी उलट, काहींचे हे स्नायू सतत आवळलेले असतात. मग ओटीपोट दुखते, शौचास साफ होत नाही, शरीरसंबंध वेदनादायक होतो. अशा स्त्रीने आवळण्याचे व्यायाम केले तर तिचा त्रास वाढेल. कोणत्या स्त्रीला काय हवे, हे तपासल्यावाचून ठरत नाही ते यामुळेच.

नुसते सांगून भागत नाही

या व्यायामांशी अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड किगल यांचे नाव जोडले गेले आहे. १९४८ साली त्यांनी या स्नायूंच्या पद्धतशीर व्यायामाविषयी लेख प्रसिद्ध केला, तेव्हापासून 'किगल व्यायाम' हा शब्द जगभर रूढ झाला. आपल्याकडील हठयोगात मूलबंध व अश्विनी मुद्रा सांगितल्या आहेत, त्यांतही याच भागाचे आकुंचन अभिप्रेत आहे. योगासने करणाऱ्या वाचकांस त्यामुळे ही क्रिया ओळखीची वाटेल.

परंतु किगल यांच्या कार्याचा एक भाग त्यांच्या नावाबरोबर पसरला नाही. ते स्वतः स्त्रीची तपासणी करून योग्य स्नायू आवळला जातो की नाही हे पाहत असत आणि आकुंचनाचा जोर मोजणारे एक उपकरणही त्यांनी तयार केले होते. पुढे तपासणी मागे पडली आणि "दिवसातून अमुक वेळा आवळा" एवढे वाक्य उरले. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करावयास सांगितले. त्यांतील जेमतेम निम्म्या स्त्रियांना तो नीट साधला. चौथा हिस्सा स्त्रिया आवळण्याऐवजी असा काही जोर करीत होत्या की, त्यामुळे लघवी सुटण्याचा त्रास वाढण्याचीच शक्यता होती. बाळंतिणीच्या हाती छापील पत्रक देऊन कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर लक्षात ठेवावा.

पहिली भेट

श्रोणितलाचे काम शिकलेल्या तज्ज्ञाकडील पहिली भेट साधारणपणे पाऊण ते एक तासाची असते. तिचा निम्मा वेळ बोलण्यातच जातो. स्त्री पूर्ण कपड्यांत खुर्चीवर बसलेली असते आणि तिला विचारले जाते: लघवी दिवसातून किती वेळा होते, रात्री किती वेळा उठावे लागते, कोणत्या कामाच्या वेळी सुटते, पाणी व चहा किती घेतला जातो, शौचास जोर करावा लागतो का, बाळंतपणे किती व कशी झाली, टाके पडले होते का, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, कोणती औषधे चालू आहेत. शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का, हाही प्रश्न विचारला जातो. तो चौकशीखोरपणा नव्हे. दुखत असल्यास उपचाराची दिशाच बदलते. सासू किंवा नवरा सोबत असेल आणि त्यांच्यासमोर उत्तर द्यावयाचे नसेल, तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसण्यास सांगा, असे तज्ज्ञास सुचविण्याचा तिला अधिकार आहे.

पुष्कळदा तीन दिवसांची नोंदवही ठेवावयास सांगतात. किती वाजता लघवी झाली, साधारण किती झाली, केव्हा सुटली आणि काय प्यायले गेले, एवढेच तीत लिहावयाचे. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीसाठी चित्रांच्या किंवा रेघांच्या खुणा पुरतात. दर अर्ध्या तासाने "उगीच जाऊन यावे" म्हणून मोरीत जाण्याची सवय, किंवा शाळेत सोयीचे स्वच्छतागृह नसल्याने सकाळपासून सायंकाळपर्यंत रोखून धरण्याची सवय, या दोन्ही गोष्टी या नोंदीत उघड होतात. पहिलीने मूत्राशयाला थोडक्यातच घाई करण्याची खोड लागते. दुसरी सवय शिक्षिकांमध्ये किती आहे, हे कोणत्याही मुख्याध्यापकाने नुसते विचारून पाहावे.

त्यानंतर तपासणी. प्रथम उभे राहणे, श्वास घेणे, पोट व कंबर यांची हालचाल पाहिली जाते. मग खालच्या भागाच्या तपासणीविषयी तज्ज्ञ समजावून सांगते आणि संमती विचारते. येथे 'नको' म्हणता येते. आज नको, पुढच्या वेळी बघू, असेही म्हणता येते. संमती दिल्यानंतर मध्येच थांबा म्हटले, तरी थांबलेच पाहिजे. तपासणी स्त्री तज्ज्ञाने करावी किंवा तपासणीच्या वेळी परिचारिका अथवा आपली सोबतीण खोलीत असावी, ही मागणी पूर्णपणे रास्त आहे आणि चांगल्या दवाखान्यात ती न मागताच पुरविली जाते.

संमती दिल्यास स्त्री खाटेवर गुडघे वाकवून उताणी निजते, अंगावर चादर असते. प्रसूतीच्या टेबलासारखे पाय बांधले जात नाहीत आणि सहसा कोणतेही लोखंडी उपकरण आत घातले जात नाही. आधी बाहेरूनच पाहिले जाते: खोकावयास सांगतात, आवळावयास सांगतात, सैल सोडावयास सांगतात. त्यानंतर हातमोजा घालून, वंगण लावून एक बोट हळूच योनिमार्गात ठेवले जाते आणि "लघवी व वायू एकदम रोखल्याप्रमाणे आत व वर ओढून घ्या" असे सांगितले जाते. बोटाला जाणवणाऱ्या पकडीला शून्य ते पाच असे गुण देतात. पकड किती सेकंद टिकते, किती वेळा पुन्हा जमते, सोडल्यावर स्नायू खरोखर सैल होतो का आणि कोठे दाबल्यास दुखते, याची नोंद होते. हे सारे काही मिनिटांत आटोपते. अवघडल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे, पण दुखता कामा नये; दुखले तर त्याच क्षणी सांगावे.

ही आतील तपासणी प्रत्येकीची होतेच असे नाही. अविवाहित मुलगी, तपासणीची भीती बसलेली स्त्री, प्रसूतीला सहा आठवडे न झालेली बाळंतीण, जंतुसंसर्ग किंवा गरोदरपणात रक्तस्राव असलेली स्त्री यांच्या बाबतीत ती टाळली जाते वा पुढे ढकलली जाते. बाहेरून स्पर्श करून अथवा पोटावरून केलेल्या सोनोग्राफीच्या साहाय्यानेही स्नायूंची हालचाल पाहता येते. सोनोग्राफीच्या पडद्यावर आपलाच स्नायू वर उचलला जाताना दिसला की, "हा होय तो!" असा उद्गार अनेकींच्या तोंडून निघतो. सर्वांत कठीण धडा तोच असतो: जो स्नायू डोळ्यांना कधी दिसला नाही, त्याला हुकूम देणे.

घरचा पाठ

भेटीअंती हाती पडतो तो घरी करावयाचा पाठ, आणि तो प्रत्येकीचा निराळा असतो. ज्या स्त्रीची पकड तीन सेकंदांतच सुटते, तिला दहा सेकंदांचा पाठ देऊन उपयोग नाही. ती तीन सेकंदांपासून सुरुवात करते, तितकाच किंवा त्याहून अधिक वेळ सैल सोडते आणि पुन्हा करते. हळूहळू काळ वाढवीत दहा सेकंदांपर्यंत जावयाचे असते. यांच्या जोडीस चटकन आवळून चटकन सोडण्याची काही आवर्तने असतात, कारण शिंक आली असता स्नायूला विचार करावयास सवड मिळत नाही. ब्रिटनमधील आरोग्यसेवेस मार्गदर्शक सूचना देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने आणि हे किमान तीन महिने, असे प्रमाण सांगितले आहे. आरंभी हा पाठ निजून, मग बसून आणि नंतर उभ्याने करतात. शेवटी तो कामात आणावयाचा असतो: हंडा उचलण्यापूर्वी, खोकला येण्यापूर्वी क्षणभर आधी आवळून धरणे. ही युक्ती नीट साधली, तर बळ वाढण्यापूर्वीच थेंब कमी झाल्याचा अनुभव येतो.

चुका ठरावीक असतात. श्वास रोखला जातो, मांड्या व नितंब आवळले जातात, पोट फुगवून खाली जोर केला जातो. शेजारी बसलेल्याला काही कळले तर व्यायाम चुकला असे खुशाल समजावे. लघवी करताना मध्येच धार तोडण्याचा व्यायाम पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. तो रोज करू नये, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येतो.

अनावर घाईचा त्रास असणाऱ्या स्त्रीस मूत्राशयाची शिस्त शिकवितात. घाई झाली की धावत सुटावयाचे नाही. थांबून स्नायू काही वेळा चटचट आवळावयाचे, घाईची लाट ओसरू द्यावयाची आणि मग सावकाश जावयाचे. दोन फेऱ्यांमधील अंतर आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावयाचे. पाणी तोडावयाचे नाही. पाणी तोडले की लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई उलट वाढते. चहा मात्र कमी करावा लागतो, व ही सूचना सर्वांत जास्त मोडली जाते.

ज्यांचे स्नायू आवळलेले असतात त्यांच्यासाठी दीर्घ श्वसन, सैल सोडण्याचा सराव आणि हलक्या हाताने केलेले मर्दन असा क्रम असतो. ज्यांना स्नायूची जाणीवच होत नाही त्यांच्यासाठी सौम्य विद्युत्‌ उत्तेजनाचा किंवा आकुंचन पडद्यावर दाखविणाऱ्या यंत्राचा उपयोग करतात. यंत्रे साहाय्यक असतात. यंत्र आहे म्हणजे उपचार चांगला आणि नाही म्हणजे कमी प्रतीचा, असा समज करून घेऊ नये.

गुण केव्हा आणि किती?

पहिल्या दोनतीन आठवड्यांत बहुधा काहीच घडल्यासारखे वाटत नाही. या काळात मज्जातंतू आणि स्नायू यांची ओळख पटत असते. प्रत्यक्ष बळ वाढण्यास आणखी काही आठवडे लागतात. उपचार सोडून देण्याची वेळ नेमकी हीच असते. म्हणून आरंभी आठवड्याने किंवा पंधरवड्याने भेट ठेवतात आणि पुढे अंतर वाढवितात.

गुण किती येतो याविषयी भक्कम पुरावा आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली १४ देशांतील ३१ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत १,८१७ स्त्रिया होत्या. खोकताना वा ओझे उचलताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांनी हे व्यायाम शिकून केले त्यांतील ५६ टक्के स्त्रियांनी त्रास पूर्ण गेल्याचे सांगितले. ज्यांना हा उपचार मिळाला नाही त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. 'अंग बाहेर येण्या'च्या बाबतीत अपेक्षा थोडी निराळी ठेवावी लागते. ब्रिटन, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील ४४७ स्त्रियांवरील चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तीत वर्षाअखेर जडपणा व अस्वस्थता कमी झाल्याचे दिसून आले. मात्र पूर्णपणे बाहेर आलेले अंग व्यायामाने जागेवर जात नाही. तेथे योनिमार्गात बसविण्याची रिंग किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञाने करावयाचा असतो. गरोदरपणापासूनच हे व्यायाम शिकलेल्या स्त्रियांना पुढे लघवी सुटण्याचा धोका कमी राहतो, हेही सिद्ध झाले आहे.

काही लक्षणे असतील तर आधी डॉक्टरकडे जावे, व्यायामाची वाट पाहू नये. लघवीतून रक्त जाणे, ताप येऊन लघवीस जळजळ होणे, लघवी अडणे, पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे ही ती लक्षणे होत. प्रसूतीनंतर रात्रंदिवस सतत लघवी झिरपत असेल, तर मूत्राशय व योनिमार्ग यांमध्ये छिद्र पडलेले असू शकते. ते व्यायामाने भरत नाही, शस्त्रक्रियेने बरे करता येते. कंबरदुखीबरोबर दोन्ही मांड्यांमधील भाग बधिर होऊन लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हा उपचार केवळ स्त्रियांचा नाही. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, शस्त्रक्रियेनंतर अनेक पुरुषांना काही महिने लघवीवर ताबा राहत नाही. त्यांनाही हेच व्यायाम शिकवितात. धोतरास डाग पडेल म्हणून पारावर यावयाचे बंद केलेले वृद्ध गावोगाव दिसतात, त्यांच्या घरच्यांनी हे ध्यानात घ्यावे.

गावपातळीवर काय करता येईल?

प्रत्येक भौतिकोपचार तज्ज्ञाने या विषयाचे विशेष शिक्षण घेतलेले असतेच असे नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत चौकशी करताना "लघवीच्या तक्रारीसाठी स्त्रियांना तपासणारी तज्ज्ञ आहे का, आणि ती कोणत्या वारी भेटते" असा नेमका प्रश्न विचारावा. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने ही माहिती एकदा मिळवून प्रत्येक उपकेंद्रात लावली, तर शंभर स्त्रियांचे हेलपाटे वाचतील. मजुरी बुडवून दर आठवड्यास जिल्ह्याच्या गावी जाणे कोणासही जमणार नाही. पहिली तपासणी जिल्ह्यास आणि पुढील पाठपुरावा बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात, अशी जोडणी तज्ज्ञाशी बोलून करता येण्यासारखी आहे.

ग्रामपंचायतीच्या हाती असलेल्या गोष्टी अधिक साध्या आहेत. बाजारतळावर आणि एस.टी. थांब्याजवळ स्त्रियांसाठी कडी लागणारे, पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह. शाळेत शिक्षिकांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र सोय. रोजगार हमीच्या कामावर नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला पाट्या वाहण्याऐवजी हलके काम. महिला ग्रामसभेत हा विषय काढावयाचा झाल्यास तो अंगणवाडी सेविकेने किंवा परिचारिकेने आधी सर्वसाधारण माहिती म्हणून मांडावा, कोणास "तुला होते का" असे चारचौघींत विचारू नये.

विचारण्याची योग्य जागा निराळी आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळंतिणीच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते. बाळाचे वजन, ताप, अंगावर पाजणे हे सर्व ती विचारतेच. शेवटच्या भेटीत, घरातील इतर मंडळी बाहेर असताना, "खोकताना, उठताना लघवी सुटते का? खाली जड वाटते का?" हे दोन प्रश्न तिने विचारावेत; उत्तर 'होय' आले, तर तज्ज्ञाचा वार एका चिठ्ठीवर लिहून द्यावा आणि तेथे काय काय होते तेही सांगावे. तपासणी संमतीवाचून होत नाही, ही गोष्ट सर्वांत आधी सांगावी.